मोशी थांब्याचं शुद्धिपत्र

"पान हाय वो, पन कोरं हाय."

"कोरं म्हणजे?" ज्योतीराम खटक्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोरं म्हंजी कोरं. वर कंपनीचं नाव हाय, त्याखाली तीन शिफ्टची बटनं हायत, मंग मोशी लिवलंय. आन मोशीच्या खाली काय न्हाई. पांढरं."

"नेट चालू आहे का बाई तुमचं?"

"आता तुमी बी त्येच इचारा! नेट चालू हाय. नातवाचे फोटू दिसत्यात, लोकांचे गुड मॉर्निंग दिसत्यात. तेवढी बस दिसत न्हाई."

आवाज एवढा खणखणीत होता की ऑफिसात शेजारच्या टेबलावर दिव्यालाही तो ऐकू गेला आणि ती फिसकन हसली. खटक्यांना हसू आलं नाही. त्यांनी समोरच्या स्क्रीनवर तेच पान उघडलं. पहिली शिफ्ट दाबली, मोशी दाबलं. 'सकाळी ६.१०, देवळासमोर.' अक्षरं अलगद वर सरकत आली, जागेवर बसली. त्यांनी आपल्या मोबाइलवर पाहिलं. तिथेही दिसत होतं.

"माझ्याकडे तर दिसतंय," ते म्हणाले.

मग बाई म्हणाल्या, "सुपरवायझर बी ह्येच म्हनला. सगळ्यांना दिसतंय, तुमालाच कसं दिसत न्हाई. दादा, मी खोटं बोलत न्हाई."

बाईंचं नाव कौशल्याबाई. चाकणच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्या चपात्या लाटायला होत्या, ठेकेदाराकडून. सोमवारपासून बसची वेळ बदलली होती आणि थांब्यावर डकवलेला कागद रविवारीच काढून नेला होता. आता वेळ मोबाइलवर पाहायची. सोमवारी त्यांना पान कोरं दिसलं. त्या नेहमीच्या वेळेला थांब्यावर गेल्या, बस पंधरा मिनिटं आधीच निघून गेलेली. मंगळवारी त्यांनी शेजारणीच्या मुलाला विचारलं, त्याने सांगितली ती जनरल शिफ्टची, उशिराची. दोन दिवस, दोन उशिराचे शेरे. महिन्याच्या सुरुवातीचा एक होताच. ठेकेदाराचा नियम असा की महिन्यात तीन शेरे झाले की शनिवारी गेटपासचं कार्ड जमा करायचं आणि घरी बसायचं.

"आज कशा गेलात मग?"

"आज डायवरलाच इचारून ठिवलं व्हतं. पन झालेलं काय पुसतंय? पानाच्या पार तळाला तुमचा नंबर व्हता. चूक आढळल्यास कळवा. म्हनून कळीवलं."

तो नंबर खटक्यांनीच टाकला होता. छापखान्यातली सवय. कोणी कधी कळवेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

"तुमचा फोन मला प्रत्यक्ष बघायला मिळेल का?" त्यांनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कुणाकडे आपणहून जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"चार वाजता बस सोडती मला मोशीत," कौशल्याबाई म्हणाल्या. "या की."

*

ज्योतीराम खटके त्रेपन्न वर्षांचे होते. एकोणिसाव्या वर्षी बार्शीहून पिंपरीला आले ते एका छापखान्यात चिकटवणीच्या कामाला. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, कामगार संघटनांचे दिवाळी अंक. अक्षरांच्या पट्ट्या कापायच्या, आखलेल्या कागदावर चिकटवायच्या. छापखाना बंद पडला तेव्हा लोक म्हणाले, आता सगळं इंटरनेटवर जाणार. खटक्यांनी पस्तिसाव्या वर्षी क्लास लावला. वर्गात त्यांच्याएवढं कोणी नव्हतं. मास्तरसुद्धा.

गेली सतरा वर्षं ते चिंचवड स्टेशनजवळच्या एका लहानशा वेब डिझाइनच्या कंपनीत होते. खाली बेअरिंगचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर सात टेबलं. मालक दिग्विजय त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. बाकीची मुलं त्याहून लहान. ती त्यांना खटके काका म्हणत. काकांकडे काम यायचं ते वर्कशॉपवाल्यांच्या जुन्या वेबसाइटींवर फोन नंबर बदलायचं आणि दसऱ्याला झेंडूचं तोरण लावायचं.

पण ते साडेसातला ऑफिसात येत. साडेनऊपर्यंत कोणी नसे. ते दोन तास त्यांचे स्वतःचे होते. सीएसएस म्हणजे पानाची मांडणी, रंग, अंतरं ठरवणारी भाषा. तिच्यात दर काही महिन्यांनी नवीन काहीतरी येतं. खटके ते वाचत आणि करून बघत. 'प्रयोग' नावाच्या फोल्डरात त्यांच्या दोनशे बारा फाइली होत्या. मजकूर म्हणून ते खिडकीतून दिसेल ते टाइप करत: ऑइल सील, व्ही-बेल्ट, येथे बेअरिंग योग्य दरात मिळतील. चौकट लहान झाली की आतलं सगळं आपोआप जागा बदलून बसतं, हे पहिल्यांदा जमलं तेव्हा ते माउस हातात धरून कितीतरी वेळ खिडकी लहान-मोठी करत राहिले होते. छापखान्यात याच कामाला त्यांना एक दिवस लागायचा. हे त्यांनी कुणाला दाखवलं नाही. दाखवावं असं त्यात काय आहे, असंच त्यांना वाटे.

एकदा दिव्या लवकर आली आणि तिने पाहिलं.

"काका, हे तुम्ही केलंत? जावास्क्रिप्टचा प्रोग्राम न लिहिता?"

"हे 'हॅज' नावाचं नवीन आहे," ते गोरेमोरे होत म्हणाले. "इतकी वर्षं काय होतं, बापाकडे बघून पोराचा रंग ठरवता यायचा. पोराकडे बघून बापाचा ठरवता यायचा नाही. आता येतो."

"म्हणजे आमच्या पप्पांना लागू नाही," दिव्या म्हणाली.

तिनेच दिग्विजयच्या कानावर घातलं. म्हणून चाकणच्या कारखान्याचं बसच्या वेळांचं पान आलं तेव्हा खटके उठून मालकाच्या टेबलाशी गेले आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक काम मागून घेतलं.

पान सुरेख झालं होतं. हलकं, चटकन उघडणारं. शिफ्ट निवडली, थांबा निवडला की तेवढी एकच ओळ. कारखान्याच्या एचआर मॅडम विजयश्री यांनी ते पाहून टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. खटके शर्टाचं बटण चाचपत उभे राहिले. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी भेळ आणली.

*

मोशीच्या थांब्यावर कौशल्याबाईंनी पिशवीतून फोन काढला तेव्हा तो हातात घेण्याआधीच खटक्यांना कळलं. काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. पाठीला रबर लावलेलं. जावयाने टाकलेला, लेकीने वापरलेला, मग आईकडे आलेला. नऊ-दहा वर्षांचा तरी असावा. त्याचं आतलं काहीच कित्येक वर्षं नवं झालेलं नव्हतं. होणारही नव्हतं.

त्यांनी पान उघडलं. कंपनीचं नाव. तीन बटणं. मोशी. आणि खाली पांढरं.

खटके थांब्याच्या कट्ट्यावर बसले.

त्यांनी लिहिलेलं अगदी साधं होतं. आधी सगळ्या बसच्या ओळी झाकून टाका. मग माणूस जे निवडेल तेवढंच उघडा. झाकायचं कसं हे जुन्या फोनला कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. ते त्याने इमानेइतबारे केलं. उघडायचं होतं ते नव्या 'हॅज'ने. ते त्याला समजत नव्हतं, आणि न समजलेलं हा फोन मुकाट्याने सोडून देत होता.

जुन्या मशिनवर तपासल्याशिवाय पान सोडायचं नाही, हे दिव्याला त्यांनीच शिकवलं होतं. त्यासाठी त्यांच्या खणात एक जुना फोन असायचा. दिवाळीत त्याची बॅटरी फुगली म्हणून टाकून दिला, दुसरा आणायचा राहिला. राहिला खरा, पण विसरला नव्हता. रविवारी दुपारी पान सोडताना त्यांना आठवलं होतं. पण विजयश्री मॅडमची टाळी कानात होती, सगळ्यांच्या फोनवर पान नाचत होतं, आणि त्यांनी स्वतःशीच म्हटलं होतं, आता कोण वापरतं एवढे जुने फोन.

"बिघडलाय का?" कौशल्याबाईंनी विचारलं. "फोन?"

"नाही. फोन चांगला आहे. चूक माझी आहे."

"तुमची कशी? तुमी तर बघायला आलाय."

"पान मीच केलंय."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पिठाने पांढरी झालेली बोटं पदराला पुसली. "मंग येवढंच लिवून द्या की दादा. कागदावर. मी सुपरवायझरला दाखिवते. काम गेलं तर दुसरं बघीन, चपात्या काय कुटं बी लाटाव्याच लागत्यात. पन बारा वर्सं झाली तिथं. धा जनींच्या म्होरं त्यो म्हनला, मावशी, उटायला उशीर झाला म्हना, पानाचं नाव घ्यू नका."

"देतो," खटके म्हणाले.

*

"लेखी काही द्यायचं नाही, काका," दिग्विजय म्हणाला.

"चूक माझी आहे."

"तुमची-माझी असं काही नसतं. कागदावर कंपनीचं नाव जातं. त्यांच्या सगळ्या कामगारांची नवी साइट आपल्याकडे येतेय. आणि किती जणांना दिसलं नाही? नऊशेतले सात-आठ?"

"ती बाई खोटी ठरतेय."

"पान दुरुस्त करा ना. मी विजयश्री मॅडमना तोंडी सांगतो की जुन्या फोनवर थोडा इश्यू होता. सोमवारी मीटिंग आहेच."

"शनिवारी कार्ड जमा होतंय त्यांचं."

दिग्विजय पेन उघडून-मिटून खेळत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. खटक्यांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात दोन दिवस तोच बसला होता. "काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही असं काही दिलंत तर हे काम मला तुमच्याकडे ठेवता येणार नाही. पुढचंही नाही. तुम्ही किती वर्षांनी काही मागितलंत. मी तुमच्यासाठीच बोलतोय."

खटक्यांना वाद घालता येत नसे. ते "बरं" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. एका वर्कशॉपचा फोन नंबर बदलायचा होता. तो त्यांनी बदलला. तीनदा तपासला.

*

चिखलीला घरी जाताना, जेवताना, नंतर गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना त्यांना छापखान्याच्या मालकीणबाई आठवत होत्या. सावित्रीबाई. नवऱ्यामागे एकटीने छापखाना चालवलेली करारी बाई. त्यांच्याकडे एक रीत होती. छपाईत चूक राहिली की शुद्धिपत्राची चिठ्ठी छापायची, आणि ज्याची चूक त्यानेच ती प्रत्येक प्रतीत स्वतःच्या हाताने चिकटवायची.

एका पतसंस्थेच्या अहवालात खटक्यांच्या हातून एका हयात सभासदाचं नाव श्रद्धांजलीच्या यादीत गेलं होतं. सहाशे प्रती. दोन दिवस ते खळ लावत बसले होते. तिसऱ्या दिवशी तो सभासदच प्रत न्यायला आला. चिठ्ठी वाचून म्हणाला, "चला, जिवंत झालो." आणि खटक्यांच्या खळीने बरबटलेल्या हाताशी हात मिळवून गेला. संध्याकाळी सावित्रीबाईंनी स्वतः चहा आणून ठेवला होता.

गुरुवारी खटके सव्वासातलाच ऑफिसात आले. आधी त्यांनी पान दुरुस्त केलं. उलटं लिहिलं: सगळ्या ओळी उघड्याच राहू देत. ज्या फोनला नवीन भाषा समजते, त्यालाच फक्त झाकायला सांगायचं. सहा-सात ओळींचं काम. मग त्यांनी कौशल्याबाईंना फोन लावला. त्या कॅन्टीनच्या मागच्या दाराशी आल्या.

"आता उघडा बघू."

"उगडलं... थांबा, गोल फिरतंय. आलं! पयली शिफ्ट, मोशी, सा-धा, देवळासमोर. दुसरी शिफ्ट... आगं बया, समदंच आलं की!"

खटक्यांनी फोन ठेवला. समोर पान होतं. मग पानाच्या सगळ्यात वर, कंपनीच्या नावाच्याही आधी, त्यांनी एक परिच्छेद टाइप केला. त्याला ना रंग दिला ना चौकट. कुठल्याही फोनला, कितीही जुन्या, कळेल असा.

'शुद्धिपत्र: सोमवार, मंगळवार व बुधवार या तीन दिवशी जुन्या फोनवर या पानावरील बसच्या वेळा दिसत नव्हत्या. चूक पान तयार करणाऱ्याची होती, पाहणाऱ्यांची नव्हती. ज्यांना यामुळे उशीर झाला त्यांची क्षमा मागतो. ज्योतीराम खटके.'

कंपनीचं नाव त्यांनी घातलं नाही. पान सोडायचं बटण दाबलं. सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी पुन्हा फोन केला, आणि एवढंच म्हणाले, "बाई, पान परत उघडा. वरचं वाचा. आणि सुपरवायझरला लगेच दाखवा. फार वेळ राहील असं नाही."

अकराला चाकणहून फोन आला. दिग्विजय काचेच्या दारामागे पाच मिनिटं उभ्याउभ्या बोलत होता. बाहेर येऊन त्याने दिव्याला सांगितलं, "वरचा पॅरा काढ." मग खटक्यांच्या टेबलाशी आला.

"काका, मी सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"माझं नाव घातलंय, कंपनीचं नाही," ते म्हणाले.

दिग्विजय पुन्हा काचेच्या दारामागे गेला. दुपारी बसच्या पानाचं काम दिव्याच्या नावावर गेलं. खटक्यांकडे एका फाउंड्रीच्या वेबसाइटवरचा पत्ता बदलण्याचं काम आलं.

*

शनिवार गेला. कौशल्याबाईंना फोन करावा असं खटक्यांच्या मनात दहादा आलं. त्या म्हणाल्या असत्या, कार्ड गेलं, तर पुढे काय बोलायचं? आणि एवढ्याशा ओळींनी काय होणार, त्यासुद्धा तीन-साडेतीन तास टिकलेल्या. रविवारी त्यांनी कपाट आवरलं.

सोमवारी सकाळी ते पावणेसहाला घरातून निघाले. बायकोला म्हणाले, जरा फिरून येतो. चिखलीहून मोशी स्कूटरवर दहा मिनिटं. देवळापासून थोडं अलीकडे, दूधवाल्याच्या टपरीशी त्यांनी स्कूटर लावली आणि तिथूनच पाहू लागले.

थांब्यावर वीसेक माणसं होती. जर्किनं, डबे, कानात वायरी. बायका एका बाजूला उभ्या होत्या. खटक्यांनी चष्मा पुसला. एकेक चेहरा पाहिला. नव्हत्या.

सहा वाजून गेले. खटक्यांनी स्कूटरची किल्ली फिरवली. तेवढ्यात गल्लीतून कौशल्याबाई आल्या, चालता चालता पदर खोचत. गळ्यात कार्ड होतं.

त्यांनी दुरूनच ओळखलं. "दादा! तुमी आन हितं?"

"इकडेच आलो होतो," खटके म्हणाले. "कार्ड..."

"ऱ्हायलं." त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून दाखवलं. "त्यो आदी वाचंना. मंग वाचलं. मंग परत वाचलं. दोन शेरे खोडले. पयला तसाच ठिवला, त्यो माझाच व्हता, सुनंला दवाखान्यात न्यायची व्हती. आन धा जनींच्या म्होरं म्हनला, मावशी बराबर व्हती." त्या थांबल्या. "तुमचं नाव मात्र ग्येलं वो पानावरनं. दुपारीच बघितलं मी."

"ते काढायचंच होतं."

"असं व्हय."

शेजारी त्यांच्याच कॅन्टीनमधली दिपाली नावाची तरुण मुलगी नवा फोन घेऊन उभी होती. तिने शिफ्ट दाबली. एक ओळ अलगद वर सरकत आली आणि जागेवर बसली. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही; वेळ बघितली आणि फोन खिशात टाकला. खटक्यांनी मात्र पाहिलं.

कौशल्याबाईंनीही आपला तडकलेला फोन काढला होता. त्यांच्या पानावर सरकणं नव्हतं, रंग नव्हते. सगळ्या शिफ्टच्या, सगळ्या थांब्यांच्या वेळा एकाखाली एक, लांबलचक. त्या अंगठ्याने ती यादी सावकाश वर ढकलत होत्या.

"तुज्यात येकच दिसती गं," त्या दिपालीला म्हणाल्या. "माज्यात समद्या दिसत्यात. आळंदीची बी, देहूची बी." मग खटक्यांकडे वळून म्हणाल्या, "माजंच चांगलं केलंय की वो तुमी."

खटक्यांचा हात शर्टाच्या खिशातल्या फोनवर गेला होता. दाखवावं, ते दुसरं कसं दिसतं, एकदा. त्यांनी हात काढून घेतला.

"हो," ते म्हणाले. "तुमचंच चांगलं आहे."

बस आली. सहा-दहा झाले होते. कौशल्याबाई सगळ्यांच्या शेवटी चढल्या आणि मागच्या खिडकीशी जाऊन बसल्या. बस निघाली तरी त्यांचं डोकं खाली वाकलेलंच होतं. बोटाने ओळ धरून त्या यादी वाचत होत्या, आपल्या नसलेल्या थांब्यांच्या वेळासुद्धा.